दिवेवाली डावीकडे का बघते

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, तो. तुमच्याशी बोलायची मला फारशी हौस नाही. पण माझ्याबद्दल या घरात इतकं खोटं बोललं गेलंय की निदान एकदा तरी कुणीतरी सरळ सांगायला हवं.

तुम्ही मला ओळखणार नाही, कारण मला वायर आहे. हल्लीच्या माझ्या भाऊबंदांना वायर नसते आणि त्याचा त्यांना भारी गर्व असतो. ऐन लढाईत त्यांचे डोळे मिटतात आणि त्यांना चार्जिंगला लावून शत्रूला थांबवून ठेवावं लागतं, हे मात्र ते कुणाला सांगत नाहीत. मी आयुष्यात कधी चार्जिंग मागितलं नाही. मी काहीच मागितलं नाही, तिथेच चुकलं.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. तोंडाला फडकं बांधलेल्या एका बाईंनी माझ्या डाव्या अंगाला स्टिक बसवली, अंगठ्याने ती गोल फिरवली, सोडली, आणि ती बरोबर मधोमध येऊन उभी राहते का ते डोळे बारीक करून पाहिलं. ती राहिली. मला कुणी नीट तपासल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. मग मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच खोक्यात, गेमच्या मशीनच्या दोन बाजूंना कोंबलं आणि आम्ही निघालो.

आम्ही आलो ते एका चष्म्याच्या दुकानावरच्या घरात. खाली दुकान, वर दोन खोल्या. घरात आई, तिचा थोरला मुलगा आणि त्याच्याहून बरीच लहान अशी मुलगी. मुलाला सगळे दादा म्हणत, आईसुद्धा. मुलीला ठकू. दादा तेव्हा नुकताच दुकानात बसायला लागला होता. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर लोखंडी चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" हेच त्याचं काम. पहिल्या कमाईतून त्याने आम्हाला आणलं.

आईने खोक्यात डोकावून पाहिलं. "एवढ्यात पंखा आला असता," ती म्हणाली. मग माझ्या जुळ्याकडे बोट दाखवून, "आणि हे दोन कशाला?"

"दोघांना खेळायला."

"तू एकटाच तर खेळणार. हा दुसरा राहू दे प्लास्टिकमध्ये, पाहुण्यांसाठी."

झालं. चांगले कप, फुलाफुलांची चादर आणि माझा भाऊ, सगळे कपाटात गेले. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, डोळ्यांचा नंबर फुकटात तपासून घ्यायचे आणि जायचे. "जरा गेम खेळू का?" असं एकाही पाहुण्याने कधी विचारलं नाही. भाऊ आत झोपून राहिला आणि मी राबलो.

तेव्हा घरात एकच गेम होता. 'सात दीपगृहं'. एका ओसाड किनाऱ्यावर एकटी बाई चालते, कडे चढते आणि विझलेली दीपगृहं एकामागून एक पेटवते. तिला नाव नाही आणि ती बोलत नाही. आई तिला दिवेवाली म्हणायची. तशी आई गेम बघत नसे, ती कपड्यांच्या घड्या घालत असे. पण घड्या घालायला बरोबर त्याच वेळी बसायची आणि घड्या संपल्या की मोडून पुन्हा घालायची.

पहिल्याच महिन्यात ठकूने माझ्यावर कोल्ड्रिंक सांडलं. अर्धा ग्लास, थेट डाव्या स्टिकच्या खोबणीत. दादा ओरडला, ठकू रडली, आईने दोघांना झापलं. मग दादाने शर्टाच्या टोकाने माझं तोंड पुसलं. बाहेरून. मित्रांनो, तेवढाच माझा औषधोपचार. आतली साखर आतच वाळली आणि तेव्हापासून कुणाचा हात नसला की माझी डावी स्टिक जराशी डावीकडे कलते. एवढंच. त्यात ना काही गूढ आहे, ना काव्य. चिकटलेलं कोल्ड्रिंक आहे.

पण पडद्यावर काय दिसायचं ते बघा. पहिलं दीपगृह पेटलं की दादा मला चटईवर ठेवून पाय ताणायचा. दिवेवाली वर कठड्याशी उभी. आणि मग अगदी सावकाश ती डावीकडे वळायची, दोन पावलं टाकायची आणि समुद्राकडे बघत राहायची.

आईच्या हातातली घडी थांबली. "काय रे, ती सारखी तिकडे का बघते?"

दादाला काही माहीत नव्हतं. पण थोरल्या भावाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हा या घरातला जुना रोग. तो म्हणाला, "तिचा भाऊ तिकडे बुडालाय."

ठकूने हंबरडा फोडला. त्या दिवशी तिने दादाचा शर्ट पकडून ठेवला आणि त्याला दुकानात उतरू दिलं नाही.

पुढे हे वाढतच गेलं. भाऊ मासेमारीला गेला होता. भाऊ बहिणीवर रुसून गेला होता. भाऊ जाताना म्हणाला होता की दिवा दिसला तर परत येईन. एकही शब्द गेममध्ये नाही! सगळं दादाच्या तोंडून, ठकूच्या हट्टाखातर, रोज थोडं थोडं. तिसऱ्या दीपगृहाच्या डावीकडे तर समुद्र नव्हताच, सरळ उभा डोंगर होता. दिवेवाली डोंगराकडे तोंड करून उभी. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. दादा म्हणाला, "डोंगरापलीकडे समुद्रच आहे." सांगता सांगता त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं. हे त्याने कधीतरी रचलं होतं, हेच तो विसरून गेला.

आणि त्याचा अंगठा? तो मुकाट्याने माझ्याशी जुळवून घेत होता. दिवेवालीला सरळ चालवायचं तर स्टिक केसभर उजवीकडे दाबून धरायला लागायची. अंगठ्याने ते शिकून घेतलं आणि डोक्याला कळवलं नाही.

मित्रांनो, ते माझे कौतुकाचे दिवस होते असं तुम्हाला वाटेल. कौतुक दिवेवालीचं होत होतं. माझ्या भेगांत वेफर्सचा चुरा भरत होता.

वर्षं गेली. ठकू मोठी झाली, दुसऱ्या शहरात जाऊन सिनेमे लिहायला लागली. दादाच्या केसांत पांढरे आले, दुकान त्याचं झालं, आणि बिनवायरीच्या कंट्रोलरांसकट नवं मशीन आलं. जुनं मशीन पलंगाखाली गेलं. मला मात्र टेबलावर ठेवलं, कारण माझ्या दोन मुठींच्या मधल्या खाचेत मोबाईल बरोबर उभा राहतो. दादाने 'खरं सांगू का' नावाचं चॅनल सुरू केलं होतं. तो तिथे बसून नव्या गेमना शिव्या घालायचा आणि मी मोबाईल धरून ऐकायचो. ज्याने किनारेच्या किनारे पालथे घातले, त्याला बोरूच्या दौतीसारखं टेबलावर बसवलं.

शिव्यांबद्दल माझं दादाशी दुमत नाही, हे आधीच सांगतो. हल्लीचे गेम म्हणजे कटकट आहे. विकत घ्या आणि मग ते डाउनलोड होईपर्यंत म्हातारे व्हा. सुरू केला की आधी करारनामा, मग त्याचं अपडेट, मग त्या अपडेटमधली चूक सुधारणारं अपडेट. नकाशा उघडावा तर त्यावर गोवर उठल्यासारखे ठिपके. नायक स्वतःशीच बडबडत असतो, "अरे, तिथे एक शिडी दिसतेय वाटतं! शिडीवर चढता येईल का बरं?" शिडी खेळणाऱ्यालाही दिसत असते; तो काही चष्म्याच्या दुकानात पहिल्यांदा आलेला नसतो. नायकाची टोपी वेगळ्या पैशांना. तीस मिनिटं चित्रफीत बघायची, मग एक बटण दाबून दार उघडायचं, की पुन्हा चित्रफीत. कुणी मेलं की कंट्रोलर थरथरतो, म्हणजे आता रडायचं असतं.

हे सगळं दादा बोलायचा आणि बरोबर बोलायचा. पण प्रत्येक वेळी शेवटी आणखी एक तक्रार यायची. "आणि खरं सांगू का? हल्लीचे सगळे गेम उजवीकडे ओढतात. कड्यावर सरळ चालताच येत नाही. हा पाचवा गेम, ज्यात मी उजवीकडून खाली पडलो. कारागिरीच राहिली नाही!"

गेम ओढत नव्हते. त्याचा अंगठा ढकलत होता. मी समोरच बसलो होतो. पण मोबाईलच्या स्टँडला कोण विचारतं? आणि मजा म्हणजे खाली लोकांच्या प्रतिक्रिया यायच्या: "अगदी बरोबर दादा, मलाही उजवीकडे ओढल्यासारखं होतं." "मी तर तो गेम परतच केला." एकाने तर यामागे कुणाचा हात आहे तेही लिहिलं होतं.

मग 'सात दीपगृहं'ची नव्याने रंगवलेली आवृत्ती आली. पाणी चकचकीत, गवताचं पातं न् पातं वेगळं. दादाने पहिलं दीपगृह पेटवलं, नवा कंट्रोलर अलगद खाली ठेवला आणि थांबला. दिवेवाली खांबासारखी उभी राहिली. समोर बघत. डावीकडे मान नाही, पाऊल नाही. त्याने बराच वेळ वाट पाहिली.

"आई," त्याने हाक मारली, "हिला मारून टाकलं गं यांनी."

आईने आतूनच विचारलं, "पडली का उजवीकडे?"

आणि त्यावर कडी म्हणजे त्याच गेमवर सिनेमा निघाला. तो लिहिणाऱ्यांत ठकूचं नाव होतं.

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. दादा भिंगं पुसत होता, म्हणून फोन स्पीकरवर, माझ्याच मांडीवर. "दादा, सिनेमा बघ. आवडला नाही तर शिव्या घाल. पण मला घाल, फोनवर. चॅनलवर नको. दुसऱ्या भागाला मला घ्यायचं की नाही ते अजून ठरायचंय."

"मी खरं ते सांगतो, ठके. तोंड बघून बोलत नाही."

"मग मीही खरं सांगते. तिथे बोललास तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

तो "बरं" म्हणाला. ज्या आवाजात तो गिऱ्हाइकाला "चष्मा उद्या मिळेल" म्हणतो, त्याच आवाजात.

सिनेमा मी पाहिला नाही. मला थिएटरात कोण नेणार? पण दादा परत आला आणि त्याने मोबाईल माझ्या खाचेत असा आपटला की माझी वायर शहारली. त्यावरून मी समजलो.

"खरं सांगू का? जी बाई सबंध गेममध्ये चकार शब्द काढत नाही, ती इथे तोंडच मिटत नाही. तिला नाव दिलंय, आडनाव दिलंय, न समजून घेणारा बाप दिलाय आणि एक बोलका पक्षी दिलाय. पक्षी विनोद करतो. तिच्या बुटांना पूर्वेतिहास आहे! दीपगृहं सातावरून तीन केली, उरलेली पुढच्या भागासाठी राखून ठेवलीत. हेही मी सोसलं असतं. पण तिचा बुडालेला भाऊ? तो कुठेय? ती एकदाही डावीकडे बघत नाही! ज्यांनी लिहिलं त्यांनी गेम खेळला होता. एकीने तर माझ्या मांडीवर बसून खेळला होता. तिला माहीत होतं. तरी तिने भावाला विकून पक्षी घेतला."

त्याने ते चॅनलवर टाकलं. टाळ्यांचा पाऊस पडला. अनेकांना तो बुडालेला भाऊ स्पष्ट आठवत होता.

दोन दिवसांनी, ऐन दुपारी, दुकान बंद असताना ठकू जिना चढून आली. बॅग खांद्यावरच.

"पाय ठेवणार नव्हतीस ना?" दादा म्हणाला. माणसाने किती मूर्ख असावं!

"ते सांगायलाच आलेय. फोनवर सांगून तुला कळत नाही." तिने बॅग माझ्याशेजारी आपटली. "मला दुसऱ्या भागातून काढलं."

"सिनेमाच तसा..."

"सिनेमावरून नाही! तुझ्या भावावरून. ऐक. मी भाऊ लिहिला होता, दादा. पहिल्या पानापासून. गेमवाल्यांबरोबर बैठक झाली, ते म्हणाले, 'कुठला भाऊ?' मी म्हटलं, 'ती डावीकडे बघते तो.' ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनी ऑफिसात जुनं मशीन लावून दाखवलं. ती नुसती उभी. मी तरी भांडले. रोज भांडले. शेवटी त्यांनी भाऊ काढला आणि पक्षी घातला. आणि आता तू जगाला ओरडून सांगितलंस की भाऊ कुठेय! त्यांना वाटलं, मीच तुला पढवलं."

दादा पुढे सरकला. "तू भांडलीस? मग मला सांगितलं का नाहीस?"

"बाहेर बोलायचं नाही अशी सही घेतली होती. आणि तू काय म्हणालास? भावाला विकलं. मी त्या भावासाठी वेडी ठरले रे!"

आई दारात उभी होती. "आधी पाणी पी," ती ठकूला म्हणाली. मग दादाला, "आणि तू तोंड बंद ठेव. ते सवयीचं नाही तुझ्या, तरी ठेव."

ठकूचं पाणी पिऊन होईपर्यंत दादाने तोंड बंद ठेवलं. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. "त्यांच्या मशीनमध्ये बदललेला गेम असणार. आपला अस्सल आहे. आत्ता सिद्ध करतो. त्यांना पाठव ते, तुला परत घेतात की नाही बघू." पलंगाखालून जुनं मशीन निघालं. धुळीने तिघांना शिंका आल्या. मला वायरसकट जोडलं. दीपगृह पेटलं, मला चटईवर ठेवलं आणि दिवेवाली सावकाश डावीकडे वळली. दोन पावलं. समुद्र.

"बघ!" दादा ओरडला.

"बघ!" ठकू ओरडली. इतक्या वर्षांनी दोघं एकाच बाजूने ओरडत होती. "थांब, थांब, रेकॉर्ड कर."

आता रेकॉर्ड करायचं म्हणजे मोबाईल उभा करायचा. मोबाईल उभा करायचा म्हणजे मी. दादाने सवयीने मला मशीनमधून उपटलं, टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. "आई, तो दुसरा दे गं. पाहुण्यांचा."

आईने कपाटातून माझा जुळा काढला. प्लास्टिक फाडताना तिच्या जिवावर आलं होतं. काय त्याची कांती, मित्रांनो! आयुष्यात एक दिवस काम केलेलं नाही. त्याला जोडलं. दिवा पेटला. दादाने त्याला चटईवर ठेवलं. दिवेवाली उभी राहिली.

उभीच राहिली.

"हँग झालं," ठकू म्हणाली.

दादाने मोबाईल आडवा केला, मला पुन्हा जोडलं. ती डावीकडे वळली. मला काढून जुळ्याला जोडलं. ती सरळ. आता त्याचा चेहरा खालच्या अंधाऱ्या खोलीतला झाला होता. पुन्हा मी, पुन्हा तो. ओठातल्या ओठात तो पुटपुटत होता, "हे... की हे. हे... की हे." इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलणाऱ्या माणसाला आपण कशातून बघतोय, हे कळायला पाहुण्यांच्या कंट्रोलरचं प्लास्टिक फाडावं लागलं.

मग त्याने माझी स्टिक नखाने हलवून पाहिली. तिच्या कडेला काळपट, चिकट थर होता.

"ठके," तो म्हणाला, "तू यावर कोल्ड्रिंक सांडलं होतंस."

ठकूने त्या थरावर बोट टेकवलं, ते चिकटलं.

"म्हणजे भाऊ नव्हताच?"

"नव्हता. मीच काहीतरी ठोकून दिलं असणार. आईने विचारलं आणि मला सांगता येईना." त्याने डोळे चोळले. "आणि ते उजवीकडे ओढतात वगैरे... तेसुद्धा माझंच."

"ते मला माहीत होतं," आई म्हणाली. "तू जिन्यातही तसाच चालतोस."

दादाने मोबाईल उचलून माझ्या खाचेत ठेवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ठकू म्हणाली, "राहू दे, लोक फाडून खातील." तो म्हणाला, "खाऊ देत." आणि चॅनलवर पहिल्यांदाच त्याने स्वतःला शिव्या घातल्या. कंट्रोलर दाखवला, अंगठा दाखवला, दोन्ही दिवेवाल्या दाखवल्या. "भाऊ गेममध्ये नाही. माझ्या बहिणीला तो माझ्यामुळे दिसला आणि तिने त्याच्यासाठी भांडण केलं. ती विकली गेली असं मी म्हणालो, ते खोटं होतं. तिने मला काही पढवलेलं नाही. चित्रपट मात्र तरीही भिकार आहे."

"ते बरोबर आहे," मागून ठकू म्हणाली.

लोकांनी फाडून खाल्लं. 'दादा विकला गेला,' म्हणाले. काहींनी तर लिहिलं की भाऊ होता, आम्ही पाहिलाय, आता दादा दबावाखाली बोलतोय. दुसरा भाग ठकूशिवायच निघाला. त्यात दोन पक्षी आहेत.

पण त्या दुपारी ठकू जिन्याकडे गेली नाही. ती चटईवर बसून राहिली आणि अचानक म्हणाली, "दादा, भाऊ त्यांच्या गेममध्ये नाही ना? कुठेच नाही?"

"कितीदा वदवून घेणार आहेस?"

"मग तो त्यांचा नाही. तो आपला आहे. मी लिहिला तर मला कोण अडवणार?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. इतकं निरखून तो गिऱ्हाइकाकडेही बघत नाही. "लिही. पण वाईट निघालं तर मी सोडणार नाही."

"सोडू नकोस. फोनवर."

आता ती त्यावर लिहितेय. सुट्टीला येते, गेम लावते, मला चटईवर ठेवते आणि दिवेवाली डावीकडे वळली की वहीत काहीतरी खरडते. परवा दादा चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस घेऊन माझ्याजवळ आला. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला उघडणार होतं, आतली साखर खरवडणार होतं, माझी स्टिक त्या कारखान्यातल्या बाईंनी ठेवली तशी मधोमध उभी राहणार होती.

ठकूने त्याच्या मनगटावर चापट मारली. "खबरदार! त्याला हात लावायचा नाही. तो आहे तसाच हवाय मला." आणि तिने मला छातीशी धरलं. हात वेफर्सचे होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल. त्याच्यावर कृपा करून प्रेम करू नका. त्याला पुसा.